तोटीचं तपेलं

गोष्ट दोन हजार बावीस सालची. तोंडावरच्या पट्ट्या उतरून सहा-सात महिने झाले होते, लोक पुन्हा एकमेकांच्या घरी जाऊन चहा पिऊ लागले होते, आणि दोन वर्षं रखडलेली सगळी लग्नं आता एकदमच उरकायची असं कोकणातल्या मांडवीत घराघरांनी ठरवून टाकलं होतं. तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हौसाबाई शिवलकरांना पुण्याहून लेकीचा फोन आला.

लेक ईशा तेव्हा तीस वर्षांची. पुण्यात अन्नपदार्थ तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. तिला दाखवलेली सात स्थळं तिने न रागावता, न रडता, दारावर आलेल्या भाजीवाल्याला आज नको म्हणावं तशी परत पाठवली होती. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, आई, मी एकाला घेऊन येते आहे. विनीत नाव. सांगलीकडचा. आठ दिवस राहील.

हौसाच्या हातातली पळी कढईतच राहिली. ज्या वाक्याची इतकी वर्षं वाट बघितली ते असं सरळ, फोडणी करपायच्या वेळी येईल असं तिला वाटलं नव्हतं. काम काय करतो, असं तिने विचारलं.

"बिअर बनवतो," ईशा म्हणाली. "एका हॉटेलात. तिथंच बनते आणि तिथंच मिळते. रीतसर परवाना आहे, आई."

हौसाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. पडवीत झोपाळ्यावर तिचे यजमान बसले होते. कड्यांची करकर थांबली, तेव्हा तिला कळलं की त्यांनीही ऐकलं.

काशीराम शिवलकरांनी चौतीस वर्षं पोफळीच्या वीजघरात काढली. डोंगराच्या पोटात, जिथे बाहेर ऊन आहे की पाऊस हे डबा घेऊन येणाऱ्याच्या कपड्यांवरून कळायचं, तिथे ते यंत्रांच्या बेअरिंगचं तापमान दर तासाला वहीत लिहीत. अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तरी त्यांना झोपेत कळतं असं कॉलनीतले लोक म्हणत. निवृत्त झाल्यावर ते मांडवीच्या घरी परतले आणि घराला तसंच चालवू पाहू लागले. पण घराला बेअरिंग नसतात. मग ते झोपाळ्यावर बसून विहिरीचा पंप किती मिनिटं चालला ते बघत.

त्यांचे वडील याच मांडवीत माडी काढायचे. कमरेला कोयता, खांद्यावर मडकं, रोज सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस माड चढायचे. शाळेत काशीरामाला 'माडीवाल्याचा काश्या' म्हणत, आणि पुढच्या बाकावरची मुलं नाकाला रुमाल लावत. पोफळीला नोकरी लागली, गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं, त्या दिवसापासून वडिलांच्या धंद्याबद्दल त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कॉलनीत कोणी विचारलं तर म्हणत, वडिलांची बागायत आहे. खोटं काही नव्हतं त्यात. माड होतेच.

जेवताना ते एवढंच म्हणाले, "सगळा जन्म ते नाव पुसण्यात गेला माझा. आता दारूवाल्याचा सासरा म्हणून हाक मारतील."

हौसाने ते फोनवरून लेकीला कळवलं. ईशा चिडली नाही. ती म्हणाली की पप्पा नको म्हणाले तर मी पळूनबिळून जाणार नाही. पण मग आठवं स्थळही बघू नका. ती एकदा बोलली की बोलली, हे हौसाला चांगलं ठाऊक होतं, कारण हा गुण तिने पोफळीहूनच आणला होता. म्हणजे सगळं त्या आठ दिवसांवर आलं. फोन ठेवायच्या आधी ईशाने एक काम सांगितलं. दोन किलो नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून ठेव. सत्त्वाला करतेस तशी.

नाचणीच्या सत्त्वावर मांडवीतली किती मुलं बाळसं धरून मोठी झाली होती, आणि त्यातली निम्मी हौसाच्या हातच्या सत्त्वावर. ती मनात म्हणाली, दारू करणाऱ्याला सत्त्व कशाला हवं? पण तिने नाचणी भिजत घातली.

रविवारी दोघं आली. विनीत उंच, थोडा पोक काढून चालणारा, आणि दाराची चौकट लागेल म्हणून आधीच वाकणारा. त्याने वाकून नमस्कार केला, आणलेले पेढे दिले, आणि मग गाडीतून सहा किलोची गोणी उतरवली. त्यात बार्लीचं माल्ट होतं. हौसाने चिमूटभर दाणे तोंडात टाकले. मोड आणून वाळवलेलं, किंचित भाजलेलं धान्य. म्हणजे सत्त्वाचाच प्रकार, फक्त दाणा मोठा. तिचं अर्धं मन तिथेच निवळलं.

विनीतने चहा पिताना सगळं सांगितलं. हॉटेलच्या मालकाला नवीन काहीतरी हवं होतं. कोकणच्या नाचणीची बिअर विनीतच्या डोक्यात होती. ती जमली तर तिथलं सगळं काम त्याच्या हाती येणार होतं. कृतीतला पहिला भाग त्याला नाचणीच्या गावात, तिथल्या पाण्यात करून बघायचा होता. धान्य गरम पाण्यात भिजवायचं, सदुसष्ट अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं. त्यात धान्यातल्या पिठाची साखर होते. मग चोथा मागे ठेवून नुसतं गोड पाणी गाळून काढायचं. या कामाला जे भांडं लागतं त्याला मॅश टन म्हणतात. दोनच गुण लागतात त्याच्यात. ऊब सोडायची नाही आणि चोथा सोडायचा नाही. ते भांडं इथेच, मिळेल त्यातून बनवायचं त्याने ठरवलं होतं.

काशीराम भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्या घरात दारू होणार नाही."

"नाहीच होणार, काका. इथे फक्त गोड पाणी. उकळून, डब्यात बंद करून पुण्याला नेणार. त्याची बिअर होते ती तिथे, परवान्याखाली."

नियमात बसणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची काशीरामांना सवय नव्हती. त्यांनी मान हलवली, पेपर उघडला, आणि पुढचे दोन दिवस मागच्या अंगणाकडे पाठ करून बसले.

सोमवारी बाबल्या आला. बाबल्या म्हणजे काशीरामांचा शाळासोबती, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा धंदा. पुण्याहून पाहुणा आला आणि त्याला ऊब धरणारं भांडं हवंय, एवढं ऐकल्यावर तो आपली बर्फाची पेटी टेम्पोत घालून घेऊन आला. जाड भिंतींची, निळी, झाकण घट्ट. बर्फ दोन दिवस वितळत नाही म्हणजे गरम पाणी का गार होईल, असा त्याचा हिशोब, आणि तो बरोबर होता. विनीतने पेटी तीनदा साबणाने, एकदा चुन्याने आणि एकदा लिंबाने धुतली. नाक आत घालून हुंगलं. हौसाने हुंगलं. ईशाने, जिचा धंदाच तपासण्याचा, तिनेही हुंगलं. काही वास नव्हता.

तीन किलो माल्ट घातलं, गरम पाणी घातलं, झाकण लावलं. तासाभराने तापमान जवळजवळ तिथल्या तिथे. विनीत हरखून गेला. त्याने झाकण उघडलं, आणि दहा वर्षं त्या पेटीच्या भिंतींत झोपलेले सगळे बांगडे त्या उबेने जागे होऊन एकदम अंगणात आले.

बाबल्याने वाटीत घेऊन चव बघितली. बराच वेळ जीभ फिरवली. "सार झालाय, मेल्या," तो गंभीरपणे म्हणाला. "चार तिरफळं टाक नि भात वाढ."

पडवीतला पेपर हलायला लागला. हौसाने वाकून बघितलं. काशीराम पेपराआड हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. तिने ईशाला खूण केली. ते तीन किलो माल्ट माडाच्या आळ्यात गेलं आणि शेजारची सगळी मांजरं दोन दिवस त्या माडाखाली मुक्कामाला होती.

मंगळवारी विनीत शहाणा झाला. आता उरलेलं माल्ट तीनच किलो. त्याने हौसाचं मोठं स्टीलचं पातेलं घेतलं, त्याला दोन गोधड्या गुंडाळल्या आणि आत नुसतं गरम पाणी घालून ऊब किती टिकते ते बघायला बसला. दर थोड्या वेळाने तो थर्मामीटर बघे आणि मोठ्याने आकडा म्हणे. सदुसष्ट. पासष्ट. साडेत्रेसष्ट. प्रत्येक आकड्याला झोपाळ्याची एक कडी करकरे. एकसष्टला काशीराम उठले.

ते मागच्या दारात येऊन उभे राहिले. "किती वाजता सदुसष्ट होतं?"

"मघाशी, काका. अर्धा तास झाला असेल."

"असेल?" काशीरामांना ताप देण्यासाठी एवढा एकच शब्द पुरे होता. "वही कुठाय?"

वही नव्हती. काशीराम आत गेले, ट्रंकेतून लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही काढून आणली, पोफळीहून निघताना सोबत्यांनी दिलेली, आठ वर्षं कोरी. पट्टीने रकाने आखले. वेळ, तापमान, शेरा, सही. मग ते उकिडवे बसले आणि गोधड्यांकडे असं बघू लागले, जणू त्या कामावर दारू पिऊन आल्या होत्या. स्टीलचं भांडं पातळ, ते म्हणाले. तळाकडून ऊब जाते. गोधडीत हवा खेळते. थर्मोकोल लावायला पाहिजे, चारी बाजूंनी दोन-दोन इंच.

"थर्मोकोलात आंबा पिकवलात का कधी?" चुलीपाशी बसलेली हौसा म्हणाली.

दोघं पुरुष तिच्याकडे बघू लागले. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं की आंब्याची अढी पेंढ्यात घालतात ती काय उगीच नाही. भर उन्हाळ्यात हात घालून बघा, आत ऊब असते ती बाहेर येत नाही. माझ्या भावाकडे गोळपला नवा पेंढा आलाय. आणि भांडं म्हणाल तर माळ्यावर आईचं तांब्याचं तपेलं आहे. जाड तळाचं. गेल्या वर्षीच कल्हई केलीय.

काशीरामांनी वही मिटली. "पेंढा किती जाड घालतेस गो तू?" ते विचारते झाले, आणि त्या प्रश्नाने आठ दिवसांतला सगळ्यात अवघड दिवस संपला.

तपेलं खाली उतरवलं. तीस लिटरचं, खाली फुगीर, गळ्याशी आवळलेलं, कडेला बारीक टिंबांनी हौसाच्या आईचं नाव: जनी. हौसाच्या लग्नात त्याच तपेल्यात नवरीच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं. गोड पाणी खालून काढायचं तर तळापाशी तोटी हवी, आणि तोटी बसवायची तर भोक पाडायला हवं. काशीरामांनी बाजारातून पितळी तोटी आणली, ड्रिल मशीन आणलं, खडूने खूण केली, आणि थांबले.

"तुझ्या आईचं आहे," ते म्हणाले.

हौसा तपेल्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत तिने त्याला एक पोचा येऊ दिला नव्हता. पलीकडे तुळशीपाशी ईशा उभी होती, हात पदरात गुंडाळावा तसा ओढणीत गुंडाळून, आणि ती तपेल्याकडे नाही, वडिलांच्या हाताकडे बघत होती.

"आईने पाणी तापवायलाच दिलं होतं," हौसा म्हणाली. "पाणीच तापणार आहे. पाडा भोक."

भोक पडलं तेव्हा तांब्याचा लालसर कीस खाली सांडला. तो तिने कागदात बांधून देवाजवळ ठेवला.

पुढचे दोन दिवस त्या घरात जो गोंधळ चालला तो मांडवीला ऐकू गेला असेल. गोळपहून पेंढ्याचे भारे आले, भावाने वर भाताच्या तुसाचं एक पोतं फुकट टाकलं, चुलीला उपयोगी पडेल म्हणून. पडवीच्या कोपऱ्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा चौकोन उभा राहिला. त्यात पेंढा, पेंढ्यात तपेलं, वर पेंढा, वर गोणपाट. आतून तोटीवर काशीरामांनी स्टीलची जाळी कापून बसवली, चहाच्या गाळणीला असते तशी बारीक. विनीत त्यांना वॉशर देई, ते विनीतला चुका दाखवत. घाटावरच्या माणसाला पान्हा धरता येत नाही, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा विनीत म्हणाला की काका, घाटावर पाणीच नसतं, तोट्या कुठे बसवणार? काशीरामांनी त्याच्याकडे निरखून बघितलं आणि नंतर जेवताना त्याच्या पानात तळलेल्या माशाची दुसरी तुकडी आपल्या हाताने वाढली.

नुसत्या पाण्याची चाचणी झाली. सदुसष्ट अंश, तासाभराने साडेसहासष्ट. काशीरामांनी शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. उत्तम हा शब्द त्यांनी चौतीस वर्षांत किती वेळा लिहिला होता ते हौसाला माहीत होतं. दोनदा.

आता हौसाची गंमत ऐका. शुक्रवारी दुपारी पुरुष माणसं वॉशर आणायला बाजारात गेली, ईशा सोबत. हौसा घरी एकटी. तिला वाटलं, आपणही काहीतरी हातभार लावावा. तिची नाचणी मोड आणून, वाळून तयार होती. शेजारी विनीतच्या पिशवीत त्याने भरडून ठेवलेलं बार्लीचं माल्ट होतं. तिने हात घालून बघितलं तर जाडंभरडं, टरफलांसकट, एका दाण्याचे जेमतेम चार तुकडे. तिला त्या मुलाची दया आली. पुण्यात कोण शिकवणार याला, असं म्हणून तिने दोन्ही धान्यं डोक्यावर घेतली, गिरणीत जाऊन अगदी बारीक दळून आणली, घरी येऊन वस्त्रगाळ केली आणि वरचा कोंडा टाकून दिला. तान्ह्या बाळाच्या घशाला लागणार नाही इतकं मऊ पीठ झालं. ते तिने त्याच्याच पिशव्यांत भरून, तोंड बांधून ठेवलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही. चांगल्या कामाची जाहिरात करायची तिला सवय नव्हती.

शनिवारी पहाटे पाणी तापलं. विनीतने पिशवी सोडली, आत बघितलं आणि चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. मग हौसाच्या आनंदी चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सगळं पीठ तपेल्यात ओतलं. दुसरं धान्य नव्हतंच. रविवारी सकाळी निघायचं होतं.

तासभर काशीराम वही घेऊन बसले. दर दहा मिनिटांनी नोंद. तास भरला, तापमान सहासष्ट. बाबल्या येऊन बसला होता. पेंढा बाजूला केला, तोटीखाली पातेलं ठेवलं, काशीरामांनी तोटी सोडली.

एक थेंब आला. त्याच्यामागून दुसरा यायला बराच वेळ लागला. तिसरा आलाच नाही.

विनीतने झाकण काढून पळी घातली. पळी उभी राहिली. तपेल्यात पाच किलो धान्याचं सत्त्व तयार झालं होतं, गुळगुळीत, चकचकीत, घट्ट.

"मांडवीतली सगळी पोरं आज जेवली म्हणायची," बाबल्या म्हणाला, पण कोणी हसलं नाही.

विनीतने हळूच सांगितलं की टरफलंच गाळणीचं काम करतात. ती असली की चोथ्यात वाटा राहतात, पाणी खाली येतं. पीठ बारीक झालं की वाटा बंद. त्याने हौसाचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, माझंच चुकलं, मी सांगायला हवं होतं. हौसाला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. तिने इतकी वर्षं वाट बघून लेकीचं लग्न स्वतःच्या हाताने दळून आणलं होतं, वर वस्त्रगाळही केलं होतं. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि विझलेल्या लाकडाला उगीच फुंकर घालू लागली.

काशीराम तपेल्यापाशी उभेच होते. त्यांनी पळीने ते सत्त्व उचललं, पडू दिलं, पुन्हा उचललं. मग विनीतला विचारलं, "तास भरला. साखर झाली असेल ना आत?"

"झाली, काका. आता फक्त गाळायचं उरलं. तेच होणार नाही."

"ऊब गेली तर?"

"आता चालेल."

काशीरामांनी पळी खाली ठेवली. नंतर ते अंगणात गेले. मांजरांच्या त्या माडाखाली झावळ्या पडल्या होत्या. झावळीच्या बुडाशी माडाला धरून एक तपकिरी जाळी असते, विणलेल्या कापडासारखी, उभ्या-आडव्या धाग्यांची. त्यांनी ती दोन-तीन झावळ्यांवरून सोडवून घेतली, झटकली, उन्हाकडे धरून बघितली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा हौसाला ओळखीचा वाटेना. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा असावा तसा दिसत होता.

"माझे वडील माडी काढायचे," ते विनीतला म्हणाले. बाबल्याने मान वर केली. साठ वर्षांच्या सोबतीत त्याने हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "मडक्यात मुंग्या पडायच्या, मधमाशा पडायच्या, झाडाची साल पडायची. ते सगळं या जाळीतून गाळायचे. स्टीलच्या जाळीला पीठ चिकटतं, हिला चिकटत नाही. मी धरायचो जाळी, ते ओतायचे." मग ते आत वळून म्हणाले, "हौसा, तुझी तांदूळ धुवायची रोवळी आण. आणि ते तूस आण तुझ्या भावाचं."

हौसा धावलीच. बांबूच्या कामट्यांची रोवळी त्यांनी तपेल्याच्या तळाशी पालथी घातली, तिच्यावर माडाची जाळी पसरली, कडा दाबून बसवल्या. ते सत्त्व आधी घरातल्या यच्चयावत भांड्यांत काढून ठेवलं होतं, त्यात हौसाने धुतलेलं तूस ओंजळी-ओंजळीने घातलं आणि हाताने कालवलं, पोह्यांना तेल चोळावं तसं. टरफलं नेली होती ना मी, मग ही घ्या टरफलं, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. वरून कढत पाणी घालून सगळं पुन्हा तपेल्यात गेलं. विनीत म्हणाला की थोडा वेळ बसू द्या. पंधरा मिनिटं सगळे तोटीकडे बघत बसले. बाबल्यासुद्धा.

काशीरामांनी तोटी सोडली. आधी गढूळ धार आली, नदीच्या पुरासारखी. विनीत पातेलं उचलायला पुढे झाला, पण काशीरामांनी हात आडवा केला.

"पहिली धार परत वर ओतायची. बाबा तसंच करायचे. स्वच्छ येईपर्यंत."

विनीत त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, आमच्या शिक्षणात हेच सांगतात."

"तुमच्या शिक्षणात माड चढायला सांगतात का?" काशीराम म्हणाले, आणि पातेलं त्याच्या हातात दिलं.

तीन वेळा वर ओतलं. चौथ्या वेळी धार आली ती मधासारखी, आरपार दिसणारी, वाफाळती. पातेल्यात पडताना तिचा आवाज विहिरीत पोहरा भरताना होतो तसा गोल येत होता. ईशा खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली, कारण बाबल्या आधीच वाटी घेऊन पुढे सरसावला होता. त्याने चाखलं. "बांगडा नाही लागत," तो जरा खट्टू होऊन म्हणाला.

सगळ्यांनी स्टीलच्या पेल्यांतून ते गरम गोड पाणी घेतलं. नाचणीचा भाजका वास, वर गुळाहून हलकी गोडी. काशीरामांनी पेला संपवला, तळाशी राहिलेला थेंबही घेतला. मग वही उघडली, वेळ लिहिली, शेरा लिहिला, आणि हौसाने डोकावून बघितलं तर जन्मात चौथ्यांदा 'उत्तम'. वही मिटायच्या आधी ते विनीतला म्हणाले, "तुझ्या आईवडिलांचा नंबर दे. मी आजच बोलतो त्यांच्याशी. मुलगी आम्हाला द्यायची आहे, असं सांगतो."

विनीतला नंबर पाठ असूनही आठवेना. ईशानेच सांगितला.

"आणि ते विचारतील, मुलीचे वडील कोण," काशीराम बाबल्याकडे वळून म्हणाले. "काय सांगू रे?"

"माडीवाल्याचा काश्या," बाबल्या म्हणाला. "आणखी कोण?"

"तेच सांगतो," काशीराम म्हणाले.

दुपारी ते पाणी विनीतने पुण्याहून आणलेली हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळलं, डब्यांत बंद झालं आणि रविवारी पुण्याला गेलं. माघात साखरपुडा झाला, वैशाखात लग्न, तेही मांडवीतच. नाचणीची ती बिअर विनीतच्या हॉटेलात लागली आणि लोकांना आवडली. वर्षभराने तिथलं सगळं काम विनीतच्या हाती आलं. तिथल्या मोठ्या स्टीलच्या भांड्यात आता नाचणीच्या वेळी गोळपचं तूस घालतात, आणि ते हौसाचा भाऊ दर दोन महिन्यांनी पोत्यांनी पाठवतो. ईशाने प्रयोगशाळा सोडली नाही. नवऱ्याची प्रत्येक नवी बिअर ती नोकरीवरच्या चेहऱ्याने तपासते, आणि तो चेहरा बघून विनीत अजून घाबरतो.

काशीराम वर्षातून दोनदा पुण्याला जातात, लाल वही बरोबर घेऊन. तिथली कामाची मुलं त्यांना काका म्हणतात आणि तापमानाच्या नोंदी तयार ठेवतात. जेवायला कोणी नवीन माणूस आला की ते आपणहून सांगतात की माझे वडील माडी काढायचे, आणि मग जाळीची गोष्ट सुरू होते. ती आता पाऊण तासाची झाली आहे. बिअर मात्र त्यांनी एकदाच, साखरपुड्याच्या दिवशी घोटभर घेतली. हौसानेही घेतली. कडू, ती म्हणाली, पण वास आपल्या नाचणीचा.

बाबल्या गेल्या वर्षी धंदा मुलाला देऊन मोकळा झाला. ती निळी पेटी त्याने विकली नाही. पहिलं सार सगळ्यात चांगलं झालं होतं, असं तो अजून सांगतो.

आणि तपेलं मांडवीलाच आहे. मागच्या पडवीत चुलीवर असतं. ईशाला मुलगी झाली, सानवी, ती बाळंतपणापासून चार महिने आजीकडेच होती. तिच्या आंघोळीचं पाणी त्याच तपेल्यात तापायचं, आणि ती मांडवीला आली की अजूनही तापतं. पूर्वी वाकून तांब्याने उपसावं लागे, आता हौसा खाली घंगाळ ठेवून नुसती तोटी सोडते. पाणी जरा जास्त कढत झालं तर काशीराम मागून आकडा सांगतात. आंघोळ झाली की सानवीला सत्त्व. ते हौसा अजून बारीकच दळते, वस्त्रगाळ करते, आणि त्या कामात आता कोणाला काही विचारत नाही.